शनिवारच्या वर्गाची खोली

दोन संस्कृती जवळ आणायच्या असतील, तर त्यांना एकमेकींची भाषा येऊ न देणं हिताचं असतं. भाषा आली की लोक आपसात बोलतात, आणि लोक बोलू लागले की समितीला काम उरत नाही.

चिनी आणि पोर्तुगीज-भाषक विद्यापीठांच्या देवाणघेवाण परिषदेला हे नीट कळलेलं होतं. २००६ साली तिने सिंगापुरात, क्वीन्सटाउनला कार्यालय उघडलं. (सिंगापूर दोघांनाही सारखंच आडवाटेचं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. शिवाय इथे खरेदी चांगली होते.) कामकाज इंग्रजीत चाले. पहिल्या वर्षी छत्तीस करार झाले, छत्तीस ग्रुप फोटो निघाले आणि एकोणचाळीस स्मृतिचिन्हं दिली गेली. (तीन फोटोग्राफरला.) विद्यार्थी एकही इकडून तिकडे गेला नाही. त्यासाठी उपसमिती होती.

परिषदेकडून एक चूक मात्र झाली. माझी बायको संजीवनी पणजीत पोर्तुगीज शिकली होती, इथे आल्यावर चिनीही शिकली. तिला त्यांनी शनिवारी एक खोली दिली. इथे शिकायला आलेल्या सात चिनी मुलांना ती तिथे पोर्तुगीज शिकवायची. मुलं खरंच शिकली. दोघांनी तर परिषदेला न विचारता मोझांबिकच्या विद्यापीठात प्रवेशही मिळवला.

मार्चमध्ये संजीवनी गेली. परिषदेने शोकसभा घेतली, तिच्या नावाने पुरस्कार जाहीर केला आणि वर्ग बंद केला. खोलीत स्मृतिचिन्हं ठेवायची होती.

मी सचिवांना भेटलो. सचिव प्रबोध आपल्यातलेच, मराठी, इथे बुकित तिमाहला राहणारे.

"उल्हासराव, वहिनींची उणीव आम्हालाही भासते."

"मग वर्ग चालू द्या. त्या सात मुलांमधली लिन शिकवायला तयार आहे. पैसे नको म्हणते. फक्त खोली हवी."

"ती विद्यार्थिनी आहे हो. विद्यार्थीच देवाणघेवाण करायला लागले, तर परिषद कशाला?"

हे बिनतोड होतं. "मग मुलांनी जायचं कुठे?"

"पुरस्कार समारंभाला या म्हणावं. चहापान आहे."

वर्ग माझ्या घरी भरवता आला असता. पण तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला अजून बघवत नाही.

म्हणून शनिवारपुरती खोली मागायला मी तुमच्याकडे आलो, आपल्या मराठी मंडळाकडे. तुम्ही उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळलीत आणि लगेच समिती नेमलीत. मी आभारी आहे. निर्णय पुढच्या बैठकीत होईल.

दरम्यान मी लिनला तुमच्या मराठी वर्गाची खोली दाखवायला नेलं. फळा कोरा, बाकांवर प्लॅस्टिक तसंच, भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. फोटोत तुम्ही सगळे आहात.

"अंकल, इथे काय शिकवतात?"

"आमची भाषा."

"शनिवारी मुलं येत नाहीत?"

"रविवारीही येत नाहीत."

तिने एका बाकावरचं प्लॅस्टिक काढलं आणि बसून बघितलं.

"मग कॅन, लाह, चालेल की," ती म्हणाली. "आपला कुणाला त्रास होणार नाही."