मास्तरांच्या दारातला उतार

गल्लीत सिमेंटचं पोतं उतरलं, की दहा मिनिटांत चव्हाण मास्तर टेप घेऊन हजर. कुणाच्या दारात, कशाला, सगळी चौकशी उभ्या उभ्या. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि एकोणीसशे नव्वदच्या सुमारास रिटायर होऊन गल्लीच्या मानगुटीवर बसले. 'जुनी गल्ली जतन मंडळ' काढलं. अध्यक्ष तेच, आणि अक्षर बरं म्हणून चिटणीस मी.

मंडळाचा नियम एकच, 'जसं हाय तसं'. आमच्याकडं प्रत्येक दाराला तीन काळ्या दगडी पायऱ्या, संस्थानच्या काळातल्या. त्यांच्यावर मास्तरांचा भारी जीव. मी माझ्या पायऱ्यांवर फरशी घालायची नुसती गोष्ट काढली, तर मला नोटीस आली. मास्तरांनी सांगितली आणि चिटणीस म्हणून मीच लिहिली! शेजारच्या पाटलांनी स्कूटर चढवायला पायऱ्यांवर फळी टाकली, तर ती उचलून घेऊन गेले. पाटील खवळले. मास्तर शांतपणे म्हणाले, "पाटील, स्कूटर आज हाय, उद्या न्हाय. दगूड ऱ्हातोय की." मास्तरांच्या बायको, आमच्या काकी, कपाळाला हात लावायच्या. दगडाएवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर मी सोन्याची झाली असती, असं म्हणायच्या.

मग काकींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण चाकाची खुर्ची आली. रोज संध्याकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर घेणारी बाई तीन पायऱ्यांपायी आत अडकली. आम्ही खुर्ची उचलून खाली आणायचो, पण चार गडी लागले की काकी लाजेनं डोळे मिटून घ्यायच्या. पुढं पुढं त्या नकोच म्हणायला लागल्या.

आणि एके सकाळी सिमेंटचं पोतं खुद्द मास्तरांच्या दारात उतरलं. अख्खी गल्ली बघायला जमली. मास्तरांनी पायऱ्या काढवल्या, दगडांवर रंगानं नंबर घातले, ते परसात रचले आणि दारात उतार करून घेतला. मग मला बोलावून स्वतःलाच नोटीस लिहायला लावली. खाली लेखी हमी दिली, की ही चालायला लागली की पायऱ्या पुन्हा बसवीन.

काकी काही चालल्या नाहीत. पण सहा वर्षं त्या उतारावरनं रोज संध्याकाळी खाली आल्या. खुर्ची मास्तर धरायचे आणि काकी मास्तरांच्या देखत पाटलांना मास्तरांच्याच तक्रारी सांगायच्या.

काकी गेल्या. महिन्याभरानं मंडळाची बैठक झाली. हमीचा विषय कुणी काढला नाही. मास्तरांनीच काढला. टोपी हातात धरून उभे राहिले.

"दगूड नंबरवार हायती, एका दिवसात बसतील," म्हणाले. "पर ते मला बसवायचे न्हाईत. ती ह्याच वाटंनं भाईर यायची. नियम मी मोडतोय, मला अध्यक्षपदावरनं काढा. उतार तेवढा ऱ्हाऊ द्या."

मला रडू आलं, कबूल करतो. तसाच 'उतार राहावा' एवढाच ठराव लिहून घेतला आणि अनुमोदक कोण, म्हणून विचारलं. पाटलांनी वही ओढून सही केली आणि शेजाऱ्याकडं सरकवली. वही माझ्याकडं परत आली तेव्हा पानावर सहीला जागा उरली नव्हती.