चार अनंत भोईर आणि एक शाल

"चार पुस्तकं वाचली ना, की लेखक कालवणातलं डोकं खातो की शेपटी, तेसुद्धा सांगते मी!" मनोरीच्या वाचनालयात बसून माधुरी वैती छातीठोकपणे म्हणायची.

वाचनालय म्हणजे जेट्टीजवळची एक खोली. खिडकीत खाडी, आणि बाकावर पेपर तोंडावर घेऊन डुलक्या काढणारे दोन म्हातारे. वाचायला कुणी आलं नाही की माधुरी स्वतःच वाचायची, आणि वाचता वाचता कुठल्या कुठे निघून जायची. चाळिशी उलटली होती. लग्न राहून गेलं होतं, स्वप्नं बघायची मात्र राहिली नव्हती.

अशात तिच्या हाती अनंत भोईर लागला. एक पुस्तक मधमाश्यांवर, एक समुद्रावरच्या वाऱ्यांवर, एक ताऱ्यांवर आणि एक गुडघेदुखीवर. चारही पुस्तकांवर नाव एकच. फोटो एकावरही नाही!

माधुरीने तो माणूस मनातल्या मनात पुरा घडवला. पहाटे उठून गुडघ्यांचे व्यायाम करणारा. दिवसभर मधमाश्यांशी हळू आवाजात बोलणारा. संध्याकाळी बोट ओलं करून वारा बघणारा, आणि मग गच्चीत चटईवर पडून तारे मोजणारा. त्या चटईवर शेजारी थोडी जागा मोकळी होती. बस्स, एवढंच.

"एवढं सगळं करणाऱ्याला लग्न करायला वेळ कुठला मिळणार, मावशी?" तिने मासळी विकून परतलेल्या पुतळाबाईला विचारलं.

"त्याचं राहू दे. धोंडूशेठ तुझ्या खोलीत बर्फाच्या पेट्या ठेवणार म्हणतोय, ते बघ!"

धोंडूशेठ गावच्या कमिटीचा अध्यक्ष. तो दारात येऊन सांगूनच गेला, "माधुरी, या रविवारी खोली माणसांनी भरून दाखव. नाही भरली, तर सोमवारी पेट्या आत!"

मग काय! माधुरीने चारही प्रकाशकांकडे निरोप ठेवले. एक हरवला तर दुसरा पोचेल. आणि अनंत भोईरचा फोन आला. एकदा नव्हे, चार वेळा! पहिल्यांदा आवाज घोगरा होता. वाऱ्यात फिरून बसला असणार बिचारा. दुसऱ्यांदा एकदम मऊ. मध खाल्ला असेल. तिसऱ्यांदा त्याने पुन्हा नाव-गाव विचारलं. विसराळू, थोर माणसं असतातच तशी. चौथ्यांदा तो म्हणाला, "पण बोलू कशावर?"

"तुम्हाला आवडेल त्यावर," माधुरी म्हणाली, आणि फोन ठेवून कितीतरी वेळ खाडीकडे बघत राहिली. चारदा फोन! इतकी ओढ!

तिने व्हॉट्सअॅपवर झकास पोस्टर फिरवलं: ‘अनंत भोईर यांचा सत्कार’.

रविवारी ती समुद्री हिरव्या साडीत, हातात हार घेऊन जेट्टीवर उभी राहिली. पाण्यावर ऊन लोळत होतं. मार्व्याहून फेरी बोट जणू ढगातून उतरावी तशी संथ येत होती. माधुरीने डोळे अर्धवट मिटले आणि हाक मारली, "अनंत भोईर?"

"हो!"

"मीच तो."

"आलो, आलो."

चौथ्याने नुसता हात वर केला. तोंड उघडायची त्याला सोय नव्हती. समुद्री वाऱ्यांवर पुस्तक लिहिणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसला होता, आणि चेहरा माधुरीच्या साडीसारखा झाला होता!

"तुम्ही अनंत भोईर? मग मी कोण?" डॉक्टरची बॅग काखेत धरलेले एक टक्कल पडलेले गृहस्थ गरजले.

"गुडघेवाले तुम्हीच का?" मऊ आवाजाचे दुसरे गृहस्थ उसळले. "अहो, मी मधमाश्या पाळतो! लोक माझ्यासमोर पायजमे वर करून उभे राहतात, तुमच्यामुळे!"

"आणि मला मधाची पोळी काढायला बोलावतात! चिंचेच्या झाडावर!"

तारेवाला तर कॉलेजात शिकवणारा कोवळा तरुण निघाला. तो वाकून म्हणाला, "नमस्कार करतो, काकू."

काकू! माधुरीच्या मनातली चटई तिथेच गुंडाळली गेली. हार कुणाला घालावा ते कळेना. शेवटी तिने तो जेट्टीच्या खांबाला अडकवला.

पण ‘चार अनंत भोईर आले!’ ही बातमी गावभर झाली. जाळी विणणारे उठले, बायका चुली सोडून आल्या. खोली भरली, खिडकीत माणसं बसली. शाल एकच होती. वारेवाला कुडकुडत होता, म्हणून ती त्यालाच गुंडाळली. आणि प्रश्न सुरू झाले! कोण कुठला भोईर, हे विचारतंय कोण!

एका म्हाताऱ्याने गर्दीआडून गुडघा चोळत मधमाशीवाल्याला विचारलं, "सारखे डंख मारतंय, काय करू?" तो बिचारा पोळ्याचं समजून म्हणाला, "उगाच डिवचू नका. संध्याकाळी शांत होईल."

"बरोबर! अगदी बरोबर!" म्हातारा खूश!

पुतळाबाईने गुडघेवाल्या डॉक्टरांना विचारलं, "हल्ली वारा कसा हाय?"

डॉक्टरांना ‘वात’ ऐकू आला. "सकाळी अडतो. थोडं चाललं की मोकळा होतो."

"खरंच की गं, माधुरी! ह्याला सगळं ठावं हाय!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. धोंडूशेठ स्वतः पुढे घुसून पाय लांब करून बसला. "पेट्या राहू दे आता," तो कण्हत म्हणाला, "आधी हा गुडघा बघा."

वाचनालय वाचलं. माधुरी मात्र मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिचा एक माणूस चौघांत वाटला गेला होता, आणि एकाच्याही वाट्याला तो पुरा आला नव्हता.

पाहुणे चहाला गेले. खोली रिकामी झाली. खिडकीत खाडी गुलाबी व्हायला लागली. तेव्हा तिला दिसलं, शेवटच्या बाकावर एक गृहस्थ अजून बसलेले. शांत चेहरा, कानशिलावर जराशी चांदी. चारही पुस्तकं मांडीवर घेऊन ते पानं अलगद उलटत होते.

माधुरीने पदर सावरला. "तुम्ही... कुठून आलात?"

"भांडुपहून." आवाज अगदी तिला हवा तसा होता. "मी अनंत भोईर."

माधुरी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. "तुम्ही... कशावर लिहिता?"

"लिहीत नाही हो. एसी दुरुस्त करतो. पोस्टर बघून बायको म्हणाली, मनोरीत तुमचा सत्कार ठेवलाय, जाऊन या." ते संकोचून हसले. "मघाशी गर्दीत पुढे यायला जमलं नाही. माझी शाल कुणाकडे मिळेल, मॅडम?"