कोपरा फाटलेलं कार्ड

रतनलाल कापडवाला दुकानाच्या गादीवर बसून हत्तीचा विचार करत होता आणि समोरची गिऱ्हाईक बाई तीनदा विचारून चौथ्यांदा म्हणाली, "सेठ, हे छीट कसं मीटर?"

"तिरपं नाही, सरळ," रतनलाल म्हणाला.

बाई शेजारच्या दुकानात गेली. कारंज्यात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, जाड भिंगाचा चष्मा आणि दिवसभर एकट्यानंच बुद्धिबळ मांडून बसलेला. बाजारात त्याला 'सोंगट्यावाला' म्हणत. लग्नाच्या पंगतीत शेजारी कुणी बसत नसे. बसलंच तर रतनलाल वरणभातावर बोटानं घोडा चालवून दाखवी. खेळावर त्याचा जीव होता आणि त्याबद्दल ज्याच्याशी बोलावं असा गावात एकही माणूस नव्हता.

एक माणूस होता, पण तो रिठदला होता. वर्तमानपत्रातल्या बुद्धिबळाच्या कोड्याचं उत्तर अकोला जिल्ह्यातून दोघांचंच बरोबर आलं होतं, एक रतनलाल आणि दुसरा भाऊसिंग, रिठद. तेव्हापासून दोन वर्षं दोघं पोस्टकार्डावर एकच डाव खेळत होते. एका कार्डावर एक चाल. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अकरा दिवसांपूर्वी रतनलालनं मुद्दाम हत्ती मारू दिला होता. आयुष्यातली सगळ्यात भारी चाल! तिच्या उत्तराची वाट पाहण्यात त्याचं जेवण निम्म्यावर आलं होतं.

ते उत्तर मंगळवारी आलं आणि रतनलालच्या आईच्या, भंवरीबाईंच्या हातात पडलं. पोस्टमन दौलतराव घाईत कार्ड टाकून सायकलवर गेलाही. भंवरीबाईंना वाचता येत नव्हतं, पण कार्डाचा एक कोपरा गायब आहे हे बघायला अक्षरं लागत नाहीत. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात घ्यायचं नसतं. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. भंवरीबाईंनी हंबरडा फोडला आणि त्या गडबडीत वाचायचं विसरून नुसतंच फाडलं.

"सासूबाई, कोन गेलं पन?" सून प्रेमाबाई धावत आली.

"मले काय माहीत!" म्हणत भंवरीबाईंनी तुकडे नालीत टाकले.

कोण गेलं हे माहीत नसल्यामुळे सगळ्यांसाठीच रडावं लागलं. गल्ली जमली. चूल विझवली, डोक्यावरून आंघोळी झाल्या. अकोल्याचा मामा, मूर्तिजापूरची मावशी, एकेकाचे गुण आठवून झाले. रतनलाल दुकान बंद करून आला, त्यानं नालीतून तुकडे काढले. शाई धुऊन गेली होती. पोस्टाचा शिक्का तेवढा वाचता येत होता: रिठद.

"रिठद? मंग आपलं कोनी नाही!" भंवरीबाईंनी डोळे पुसले. "प्रेमा, चूल पेटव."

रतनलाल मात्र ओट्यावर बसून रडायला लागला.

"आता तुमी काहून रडून राह्यले?" प्रेमाबाईनं विचारलं.

"ह्या जगात मले समजनारा एकच मानूस होता," रतनलाल म्हणाला, "अन् तो तुमच्यापैकी कोनाचाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो वाशीमला आणि तिथून रिठदला गेला. पारावर त्यानं दबक्या आवाजात भाऊसिंगचं घर विचारलं. "तो सोंगट्यावाला?" लोक हसले. "तो काय, निंबाखाली!"

निंबाखाली बाजेवर पट मांडून जाड भिंगाच्या चष्म्याचा एक माणूस बसला होता.

"भाऊसिंग?"

"मीच. काहून?"

"तुमी तं मेले!"

"कवा?"

"मंगळवारी. साडेदहाच्या टपालानं."

भाऊसिंगनं आधी पाहुण्याकडे, मग खुंट्याला बांधलेल्या बकरीकडे पाहिलं. "हिनं कोपरा खाल्ला होता. म्या म्हनलं, अक्षरं शाबूत हायेत नं, देलं पेटीत टाकून." मग तो एकदम उठला. "रतनलाल सेठ? कारंज्याचे?"

दोघांनी मिठी मारली. चष्म्याला चष्मा लागला. भोवती माणसं जमली. कारंज्याचा सेठ दोन गाड्या बदलून आला, आणि तोही ह्याच्यासाठी!

"लिवलं काय होतं?" रतनलालनं विचारलं.

"हारलो म्हनून लिवलं होतं. तुमच्या हत्तीनं मारलं मले. तीन रात्री झोपलो नाही. असली चाल म्या जन्मात पाह्यली नाही, सेठ!" भाऊसिंग अख्ख्या गावासमोर ओरडून म्हणाला.

रतनलालची छाती फुगली, आणि लगेच त्याला आठवलं की दोन वर्षांचा विजय कारंज्याच्या नालीतून वाहून गेला. "मंग आता द्या लिहून."

"हातात नाही देनार. पोस्टाचा डाव पोस्टानंच सपला पायजे."

भाऊसिंगची बायको मोतीबाई रोज त्या पटाला शिव्या घालायची. आज तिनं कपबशीतून चहा आणला, आणि नव्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना स्वतः हळदकुंकू लावलं. "आता कोनाले मारू नका," ती म्हणाली.

शनिवारी कार्ड आलं. हळदकुंकू बघून भंवरीबाईंनी मंगळवारच्याच आवाजात गल्ली गोळा केली आणि कार्ड वाचायच्या आत घरोघरी साखर वाटली. "कोनाचं लगन?" बायका विचारू लागल्या. प्रेमाबाईनं वाचलं, "हारलो. भाऊसिंग."

रतनलाल पुढं झाला. "आई, मी जिंकलो."

"किती भेटले?"

"काही नाही."

भंवरीबाईंनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. वाटलेली साखर परत मागता येत नाही. मग त्यांनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं, पदर सावरला आणि गल्लीकडे वळल्या.

"आमचा रतन जिंकला!"

"काय जिंकला, मांजी?"

"ते त्यालेच माहीत," भंवरीबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "पन रिठदचा मानूस हारला, हे लिवून आलं आहे."