मधल्या जागेचा प्रश्न

रद्दीचे गठ्ठे दाबणाऱ्या प्रेसचा व्हॉल्व्ह सकाळी गेला आणि दुपारपर्यंत मेंटेनन्सच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तसं या व्हॉल्व्हचं काम साधं. तो एकीकडे सरकला की तेल प्रेसची जड प्लेट खाली ढकलणार, दुसरीकडे सरकला की वर उचलणार. पण मालकांनी परवाच दम भरला होता, की पुन्हा प्रेस बंद पडली तर अख्खा मेंटेनन्स बाहेरच्या कंत्राटदाराला देऊन टाकतो.

नवा व्हॉल्व्ह मागवायचा तर खरेदीच्या मॅडमकडे जाणं आलं. मॅडम म्हणजे साहेबांची बायको. दोघं एकाच स्कूटरवरून कामावर येत, पण फाटकाच्या आत पाऊल पडलं की हे साहेब आणि त्या मॅडम. कारखान्याचं बोलणं घराच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, हा नियम मॅडमचा.

"साहेब, डावीकडे काय आणि उजवीकडे काय, ते कळलं. मध्ये असताना काय करतो?"

"मध्ये काही करत नाही. म्हणून तर मध्ये असतो."

"काही न करण्याचेही प्रकार असतात म्हणे. विक्रेता विचारतोय."

"मॅडम, भोकं जुळली, कॉइल जुळली की व्हॉल्व्ह जुळला. हयात गेली माझी यात. मागवा."

व्हॉल्व्ह आला, बोल्ट बसले, प्लेट झोकात खालीवर झाली. मालक जातीने बघायला आले आणि साहेबांची पाठ थोपटू लागले. तेवढ्यात कुणी बटणाला बोटही लावलं नसताना प्लेट हळूहळू खाली उतरली. साहेबांनी आपला जेवणाचा डबा नेमका प्रेसमध्ये ठेवला होता, कारण तेवढीच जागा पुसलेली होती. डब्याची ताटली झाली.

"हे काय करतंय?" मालकांनी विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले.

मग साहेब तणतणत मॅडमच्या टेबलाशी गेले. "मध्ये असताना तेलाच्या सगळ्या वाटा बंद करणारा मागवा."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही उघडी नको."

दुसरा आला. प्लेट खिळल्यासारखी जागेवर राहिली. पण तेलाला बाहेर पडायला वाट न उरल्यामुळे पंप कण्हू लागला, आणि तेलाची टाकी इतकी तापली की डबा शाबूत असता तर तिच्यावर गरम करता आला असता. मालकांनी कपाळाला हात लावला. "राहू द्या. उद्या दुपारी कंत्राटदार येतोय बघायला."

त्या संध्याकाळी साहेब नुसताच भात चिवडत बसले. विचारायचं तर होतं, पण नियम आडवा येत होता. शेवटी ते ताटावरून उठले, चपला घातल्या, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. जिना चढणारे शेजारी थबकले.

मॅडमनी दार उघडलं. "बोला, साहेब."

"मॅडम, तुमचा प्रश्न बरोबर होता. मीच उडवून लावला. चुकलो."

"जुना व्हॉल्व्ह चांगला असताना, कुणी बटण दाबत नसलं की पंप ओरडायचा का?"

"छे. आमच्या गप्पा ऐकू यायच्या."

"आणि प्लेट?"

"तसूभर हलायची नाही." साहेब बोलता बोलता थांबले. "म्हणजे प्लेटकडच्या वाटा बंद आणि पंपाची वाट मोकळी. वजन धरून ठेवायचं, पण पंपाला दमवायचं नाही. तो तिसरा प्रकार हवा."

"विक्रेत्याला तिन्ही प्रकार बाजूला ठेवायला सांगितले होते. उद्या सकाळी तिसरा देऊन जाईल. तुमच्या उत्तराची वाट बघत होते." मॅडम बाजूला झाल्या. "आता आत या, जेवण निवतंय."

दुसऱ्या दिवशी कंत्राटदारासमोर साहेबांनी प्लेट वर नेली, बटण सोडलं आणि आपला कोरा डबा तिच्याखाली ठेवला. सगळे प्रेसभोवती गोळा झाले. पंप गुपचूप, प्लेट जागच्या जागी. मालकांनी तर चहा मागवला, तो सगळ्यांचा पिऊन झाला, तरी डब्याला पोचा आला नाही.

"व्हॉल्व्ह कुणी निवडला?" कंत्राटदाराने विचारलं. त्याचा पडलेला चेहरा बघून साहेबांना मनापासून आनंद झाला.

"आमच्या मॅडमनी," ते छाती फुगवून म्हणाले. मालकांनी कंत्राटदाराला फाटकापर्यंत पोहोचवलं आणि परत येताना ते चक्क शीळ घालत होते.

रविवारी विजयी वीर सोफ्यावर आडवे झाले होते.

"अहो, काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"कुठल्या प्रकारचं काही नाही?"

साहेबांनी डोळेही उघडले नाहीत. "उंबऱ्याच्या आत कारखान्याचं बोलायचं नाही. नियम तुझा आहे." आयुष्यात पहिल्यांदाच बायकोला निरुत्तर केल्याच्या समाधानात त्यांनी कूस बदलली.

चपलांचा आवाज झाला, दार बंद झालं आणि बाहेरून बेल वाजली. दार उघडायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून साहेब उठले.