मायाबाईंच्या पाटीवर रंग चढविल्याची हकीकत

चिंच, मूठभर. बख्शी का तालाबच्या हवाईतळाच्या अंगास तीन विमाने उडाली. मच्छरदाणी एक, दांड्यांसकट. लू म्हणजे उन्हाळी झळवारा सुटला, खिडक्या लागल्या. सरसोंचे तेल नागपूरच्या बेबीताईंस मान्य नाही.

येणेप्रमाणे चिन्हे दिसत असता, शके १९०२, रौद्रनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध दशमीपासोन लखनऊप्रांती आलमबागेत जे युद्ध जाहले त्याचा मजकूर, पदरचे काही न घालता, लिहोन ठेविला ऐसा जे.

भाऊराव रामटेके, तारखात्यातील हेडक्लार्क, मूळ मुलूख नागपूर. त्यांच्या दिवंगत पत्नी मायाबाई यांणी वस्तीतील बायांस अक्षरओळख दिली, म्हणोन त्यांच्या नावे वाचनालय स्थापावे ऐशी मसलत ठरली आणि काशाची पाटी ओतविली. परंतु काशाच्या भूमीवर काशाचीच उठावाची अक्षरे. चार हातांवरून नाव वाचता येईना. मग भाऊरावांनी पण केला की बुद्धपौर्णिमेच्या आत भूमी निळी करू आणि नाव रस्त्यावरून वाचावयास लावू.

मग रेल्वे कारखान्यातील रंगारी शामराव यांणी पुर्जा पाठविला की, रेगमाल म्हणजे घासकागद मारावा, थिनरने पुसावे, मग प्रायमर, मग रंग. भाऊरावांनी सकाळी खासा रेगमाल हाती धरून पाटी घासली, पुसली आणि वाळत ठेवून सायकलीवर स्वार होऊन कचेरीस कूच केले. सायंकाळी येऊन पाहतात तो पाटी लखलखत होती. थिनरचा प्रताप समजोन संतोष पावले आणि प्रायमर दिला. दुसरे दिवशी तो उकडल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला. कन्या नयना, बी.ए.च्या वर्गातली, अर्ज करती जाहली, "बाबा, ये तो छिल रहा है." मग प्रायमरचा डबा बेइमान ठरवोन नवा आणिला, आणि पुन्हा घासणे, पुन्हा लखलखाट, पुन्हा शिकस्त.

द्वादशीस शामराव जातीने आले. पाटीवर बोट फिरविले, हुंगले.

"भाऊराव, ही पाटी आहे का डोकं? खोबरेल कोणी चोपडलं?"

तेव्हा भाऊरावांच्या धाकट्या भगिनी बेबीताई, पौर्णिमेच्या उद्घाटनाकरिता नागपूरहून आलेल्या, पदर सावरून पुढे जाहल्या. "मी. दोन्ही दिवस. चिंचेनं घासून तेलाचा हात फिरवला. वहिनीनं मला अ-आ शिकवलं, दादा. तिचं नाव कोरडं कसं ठेवू?"

भाऊरावांनी उठोन पाण्याचे आधण ठेविले.

मग त्यांचे फर्मान निघाले की, तेल बेबीताईंनीच सोड्याच्या कढत पाण्याने काढावे. काढले. आणि रेगमाल, थिनर, प्रायमर एका दमात जाहले, आणि त्रयोदशीस निळा रंग चढला, आणि शामरावांनी सपाट लाकडास फडके गुंडाळून अक्षरांचे माथे ओल्यातच पुसले, आणि लूची धूळ बसू नये म्हणोन मच्छरदाणीचा तंबू ठोकला, आणि बेबीताई दिवसभर पहाऱ्यास बसल्या, दोन्ही हात पाठीमागे धरून.

चतुर्दशीस नखाने ओरखडता रंग सुटेना. बेबीताई रस्त्यापलीकडे गेल्या आणि तेथोन नाव वाचिले, एकेक अक्षर, मोठ्याने. एक रिक्षा थांबली. फत्ते जाहली, ती येथे दाखल केली असे.

पाटी ओतली त्या दिवशी कारागिराने विचारले होते, रंगही भरून देऊ का. भाऊराव म्हणाले होते, नको, घरचं नाव आहे, घरीच करू.