किती मेमरी खाल्लीस?

दुपारी एक वाजता तोफखान्याने कीबोर्ड आपटला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सवयीने आपला चहाचा कप उचलून धरला. त्याला हे नाव ऑफिसने उगीच दिलं नव्हतं.

सहाच्या गाडीने त्याला बायकोसह मेव्हण्याच्या लग्नाला निघायचं होतं. बसगाड्यांचं नवं वेळापत्रक तीनपर्यंत हातात पडलं तरच रजा, असं साहेबांनी बजावलं होतं. एरवी तासाभरात वेळापत्रक काढणारा प्रोग्रॅम आज सकाळी नऊला लावलेला, अजून निम्म्यावर रेंगाळत होता. मध्ये मध्ये तोफखाना घरी फोन करून विचारत होता, "बॅगा कुठवर आल्या?" तेवढाच जिवाला विरंगुळा.

सगळं केलं होतं साहेबांनी. प्रोग्रॅम फार मेमरी खातात असं त्यांच्या कानावर आलं आणि हुकूम सुटला : प्रत्येक प्रोग्रॅमने दर सेकंदाला, आपण किती मेमरी खाल्ली ते कळवायचं. आकडे त्यांच्या केबिनमधल्या पडद्यावर नाचत असत. साहेब ते कौतुकाने बघत असत.

"साहेब, ते विचारणं आधी बंद करा!" तोफखाना केबिनमध्ये शिरला.

"अरे, सांगायला असा कितीसा वेळ लागतो?"

"सांगायला नाही, मोजायला लागतो! दर वेळी हातातलं काम टाकून पहिल्यापासून मोजतो तो. जेवणाऱ्याला घासाघासाला विचारा, किती झालं? जेवेल कधी तो?"

"पुरावा आण," साहेब म्हणाले. "आणि मोजताना फोन बंद. लक्ष नसतं तुझं."

दातओठ खात त्याने फोन बंद केला. एकाच आगाराचं वेळापत्रक दोनदा काढलं. विचारणा चालू ठेवून अठ्ठावीस मिनिटं लागली, बंद करून चार. तेवढ्यात साहेब सहा वेळा डोकावले.

"कुठवर आलं?"

"तुम्ही विचारायचं थांबलात की येईल!" बाईंनी पुन्हा कप उचलला. "माणूस काम करील की तुम्हाला सांगत बसेल?" तोफखाना गरजला.

पावणेदोनला आकडे बघून साहेब नरमले. विचारणा बंद झाली, तोफखान्याचा फोन चालू झाला, पावणेतीनला वेळापत्रक तयार. रजा मिळाली. विजयी वीराने वाटेत घरी पाच वेळा विचारलं.

चारला दार उघडून बघतो तर तीन बॅगांपैकी एकच भरलेली! उरलेल्या दोन आ वासून पलंगावर.

"सकाळपासून काय करत होतीस?" त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सांगत होते," बायको म्हणाली. तिने फोनच्या वेळा लिहून कपाटावर चिकटवलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. "एकोणीस फोन. दर वेळी हातातली घडी टाकायची, काय भरलं, काय राहिलं ते उचकून बघायचं, तुम्हाला सांगायचं, परत पहिल्यापासून. ही एक भरली ना, ती एक ते पावणेदोनमध्ये. काय झालं होतं हो तेव्हा तुमच्या फोनला?"

तोफखान्याने फोन तिच्या हातात दिला आणि मुकाट्याने गॅलरीत जाऊन बसला.

पस्तीस मिनिटांत दोन्ही बॅगा दारात आल्या. मोजली होती त्याने, घड्याळ लावून. फक्त कुणाला कळवलं नाही.