भोक पाडलेल्या चिठ्ठ्या

घड्याळजींनी चिठ्ठी उघडली आणि आत स्वतःचंच नाव निघालं.

चर्चच्या गृहसभेतली नऊ माणसं, नऊ चिठ्ठ्या. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी महिनाभर प्रार्थना करायची आणि दर शुक्रवारी धीराच्या दोन ओळी लिहून डब्यात टाकायच्या. कोण लिहितंय ते मात्र फोडायचं नाही. "विश्वासात एकट्याने वाढता येत नाही," पाळक म्हणाले.

घड्याळजींनी चिठ्ठी खिशात सारली. हायसं वाटलं. दोन वर्षं ते दाराजवळची खुर्ची धरून बसत, आमेन झालं की पहिले बाहेर. देवाशी त्यांचं छान जमायचं. त्याच्या माणसांशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड.

पहिली चिठ्ठी. दुरुस्तीच्या घड्याळाला दोऱ्याने बांधायच्या पुठ्ठ्यावर, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने:

*प्रभू तुमच्याबरोबर आहे. तब्येतीला जपा.*

शुक्रवारी पाळकांनी ती घड्याळजींच्या नावाने वाचून दाखवली.

"इतकंच?" बेकरीवाल्या वहिनी म्हणाल्या. "कोण हो हा चिक्कू?"

घड्याळजींना लागलं. दोन्ही बाजूंनी लागलं.

दुखरा गुडघा चोळत बसलेल्या निवृत्त नर्सबाईंना तर काहीच आलं नव्हतं. "माझा माणूस लाजाळू दिसतोय," त्या म्हणाल्या.

दुसरी:

*तुम्ही लोकांची बंद घड्याळं कानाशी धरून ऐकता. तुमचं कोण ऐकतं?*

हा प्रश्न आपण विचारलाय की आपल्याला विचारलाय, हेच घड्याळजींना कळेना.

(नर्सबाई: काही नाही.)

तिसरी:

*सगळ्यांसाठी प्रार्थना करता. स्वतःसाठी एकदा मागून बघा. आम्ही आहोत.*

'आम्ही' म्हणजे कोण, ते लिहिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

वहिनींनी डोळे पुसले. पाळक उठले. "हे लिहिणाऱ्याने पुढच्या शुक्रवारपासून बायबलमधलं वचन समजावून सांगावं! कोण आहे? हात वर करा."

नेमका तेव्हाच भूगोलाच्या मास्तरांनी मान खाजवायला हात उचलला. टाळ्या.

"अहो, मी नाही!"

"बघा, केवढी नम्रता!"

"शपथेवर सांगतो..."

"शपथ घेऊ नका मास्तर, कळलं आम्हाला."

मास्तर मुलांसमोर वाघ, पण मोठ्यांसमोर उभे राहिले की दातखीळ बसायची. सोमवारी ते घड्याळजींच्या दुकानात आले. चेहरा पार उतरलेला.

"घड्याळ बंद पडलं?"

"घड्याळ चालू आहे, मी बंद पडलोय. माझ्यासाठी प्रार्थना करा हो. शुक्रवारी मी खोटा ठरणार."

घड्याळजींनी भिंग लावून त्यांचं चालू घड्याळच उघडलं.

चौथ्या शुक्रवारी मास्तर बायबल छातीशी धरून उभे राहिले. तेवढ्यात डब्यातून घड्याळजींच्या नावाची एक घडी निघाली, वर 'खासगी' असं लिहिलेली; पाळकांनी ती न वाचता त्यांच्या हाती दिली. अक्षर अनोळखी.

*मास्तरांना सोडवा. परवा माझं घड्याळ दुरुस्त होऊन आलं. त्याला बांधलेल्या पुठ्ठ्याला कोपऱ्यात भोक आहे. तुमच्या तिन्ही चिठ्ठ्यांनाही होतं.*

घड्याळजी उठले.

"मास्तर नाहीत. मी लिहिल्या. माझी चिठ्ठी मलाच आली होती."

"मग त्याच दिवशी परत टाकायची ना!" पाळक म्हणाले.

"टाकली असती, तर दुसऱ्या कुणाची आली असती. त्याच्याशी काय बोलायचं?"

वहिनी हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"पण माझ्याच तिसऱ्या चिठ्ठीत म्हटलंय, मागून बघा. तर... माझ्यासाठी कुणी प्रार्थना कराल का?"

सगळ्यांनी केली. सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' मास्तर म्हणाले.

मग खिडकीजवळून आवाज आला. "मलाही माझीच आली होती." नर्सबाईंनी पर्समधून चुरगळलेली चिठ्ठी काढली. "सांगायची लाज वाटली. आणि स्वतःला लिहायला तुमच्यासारखं सुचेना. पुठ्ठा ओळखला, तेव्हा म्हटलं, चला, आपण दोघं आहोत."

"मग आता?" घड्याळजींनी विचारलं.

"आता अदलाबदल."

घड्याळजींनी दाराजवळची खुर्ची उचलली आणि त्यांच्यासमोर आणून ठेवली. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. त्यांनी लगेच खिशातून कोरा पुठ्ठा काढला आणि नेटाने लिहायला घेतलं: *तुमचा गुडघा आता...*

"अहो," नर्सबाई म्हणाल्या, "लिहिताय काय? समोरच बसलेय की मी."

घड्याळजींनी पेन खिशाला लावलं.

"गुडघा कसा आहे?"